वणवा चांगला की वाईट? आधी विचारूया: कुठला वणवा?

मी जंगलातल्या आगींवर पीएचडी करतेय हे कळलं की लोक साधारण दोनपैकी एक वाक्य बोलतात. शहरातले लोक म्हणतात, "कोण लावतं गं या आगी? चांगली कडक शिक्षा करायला हवी एकेकाला." गावाकडचे लोक म्हणतात, "अहो ताई, जाळल्याशिवाय गवत चांगलं येत नाही. आमच्या आज्यापणज्यापासून जाळतोय, डोंगर कुठे गेला का?"

गंमत म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघंही अर्धंच सांगतात. याचं एक कारण असं की मराठीत आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो: वणवा. सह्याद्रीच्या उघड्या उतारावरचं गवत जळलं तरी वणवा, गडचिरोलीत मोहाखालचा पाचोळा जळला तरी वणवा, आणि देवराईच्या कडेची झाडं होरपळली तरी वणवाच. निसर्गाच्या दृष्टीने मात्र या तीन वेगवेगळ्या घटना आहेत. एक जवळजवळ निरुपद्रवी असू शकते, दुसरी किती वेळा घडते यावर सगळं अवलंबून असतं, आणि तिसरीचं नुकसान आपल्या हयातीत भरून येत नाही.

आज या तिघींची ओळख करून घेऊया. मग शंभर-दीडशे वर्षं आपण सरसकट "आग म्हणजे शत्रू" असं धोरण ठेवलं तेव्हा काय झालं, ते बघू.

आधी हे बघू की जळतं काय

कॅलिफोर्निया किंवा कॅनडातल्या आगींचे व्हिडिओ आपण बघितलेले असतात. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारत जाणारी, शंभर फुटी ज्वाळांची आग. आपल्याकडच्या बहुतेक आगी तशा नसतात. त्या जमिनीलगत चालतात. जळतं ते वाळलेलं गवत, पाचोळा, काटक्या, खालची झुडपं. मोठी झाडं बहुतेक वेळा उभीच राहतात.

आग चालायला तीन गोष्टी लागतात: इंधन, उष्णता आणि हवा. हवा सगळीकडे आहे. उष्णता म्हणजे ठिणगी, आणि भारतात ती जवळपास नेहमी माणसाकडून येते. राब भाजताना, बांध जाळताना, मोह वेचण्याआधी, विडीचं थोटूक टाकून, कधी मुद्दाम, कधी चुकून. आपल्या कोरड्या हंगामात विजा कमी कोसळतात आणि कोसळल्या तरी बहुधा पावसासोबत, त्यामुळे विजेने लागलेली आग इथे विरळच. राहिलं इंधन. ते किती आहे, किती वाळलंय आणि सलग पसरलंय का, यावर आगीचा स्वभाव ठरतो. म्हणून आगीचा अभ्यास करणारी व्यक्ती जंगलात गेली की आधी वर बघत नाही, पायाखाली बघते.

पहिली आग: गवताची

"जाळलं की गवत चांगलं येतं" हे किती खरं?

आपल्या डोंगरांवरची बरीच गवतं बहुवर्षायू असतात. वरचं पातं वाळतं, पण वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली जिवंत असतो. गवताची आग वेगाने पुढे सरकते, एका जागी फार वेळ थांबत नाही. माती उष्णतेची वाईट वाहक आहे. वर ज्वाळा असतानाही दोन-चार सेंटिमीटर खाली तापमान फारसं वाढत नाही, आणि कोंब वाचतो. वरचं वाळकं छप्पर गेल्यावर उजेड थेट जमिनीवर पडतो आणि थोडी जरी ओल असली तरी हिरवे फुटवे येतात. हे फुटवे कोवळे असतात, त्यात प्रथिनं जास्त असतात, गुरं ते आवडीने खातात. म्हणजे गुराख्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

पण "चांगलं" आणि "जास्त" यात फरक आहे. जाळल्यावर मिळतं ते कोवळं गवत, एकूण गवत वाढेलच असं नाही. शिवाय गवतातला बराचसा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. पोटॅश, चुना, स्फुरद राखेत उरतात, पण तीव्र उतारावर ही राख पहिल्या वळवाच्या सरीसोबत ओढ्यात जाते. सपाट माळावर ती जागेवर राहते. म्हणजे तीच काडी, तेच गवत, पण माळावरचा हिशोब वेगळा आणि कड्याखालच्या उतारावरचा वेगळा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आपल्याकडे गवताळ माळ म्हणजे "जंगल तोडून ओसाड झालेली जमीन" असा पक्का समज आहे. तो बऱ्याच ठिकाणी चुकीचा आहे. भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशातली गवतं सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीच मोठ्या प्रमाणावर पसरली होती. तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूसच नव्हता. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक फार सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. जुनं मराठी साहित्य, ओव्या आणि दंतकथा यांत कुठल्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात हे त्यांनी तपासलं. त्यातून दिसलं की पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा पट्टा निदान ७५० वर्षांपासून माळरानच आहे. विखुरलेली काटेरी झाडं आणि मधे गवत, असा. तो कुणी तोडलेल्या घनदाट अरण्याचा सांगाडा नाही.

हे आगीच्या संदर्भात महत्त्वाचं आहे. माळरानाला "बिघडलेलं जंगल" म्हटलं की तिथली प्रत्येक आग गुन्हा ठरते आणि उपाय म्हणून खड्डे खणून झाडं लावली जातात. मग ती झाडं वणव्यात जळतात आणि पुन्हा बातमी होते. जिथे मुळात गवताचं राज्य आहे तिथे दाट लागवड करणं म्हणजे दरवर्षी आगीशी भांडण ओढवून घेणं.

दुसरी आग: पाचोळ्याची

आता विदर्भाकडे जाऊ. साग, ऐन, पळस, तेंदू, मोह, आवळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात आणि जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. याला कोरडं पानझडी जंगल म्हणतात, आणि देशातल्या आगींचा मोठा वाटा अशाच जंगलांत असतो.

या झाडांनी आगीशी जुळवून घेतलंय. ऐनाची साल आठवा. मगरीच्या पाठीसारखी, जाड, भेगाळलेली. झाडाचा जिवंत थर सालीच्या आतल्या बाजूला असतो आणि तो साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतो. साल म्हणजे त्याची गोधडी. इथे एक साधं गणित आहे: आतला थर तापायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साल दुप्पट जाड झाली तर वेळ चौपट. म्हणून मनगटाएवढं रोप मरतं आणि शेजारचं जुनं झाड काळवंडून का होईना, उभं राहतं.

रोप "मरतं" असं म्हटलं, पण पूर्ण मरत नाही. पळस किंवा तेंदू घ्या. वरचा भाग जळतो, मुळं जिवंत राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतात. पुढच्या वर्षी परत आग, परत जळणं, परत फुटणं. वर दिसतं ते गुडघाभर रोप, पण खालची मुळं कित्येक वर्षांची असू शकतात. याला अभ्यासक आगीचा सापळा म्हणतात. सापळ्यातून सुटायचं तर त्या रोपाला सलग काही वर्षं आगीविना मिळायला हवीत. तेवढ्यात त्याचा शेंडा ज्वाळांच्या वर गेला आणि साल पुरेशी जाड झाली की सुटलं.

म्हणजे या जंगलात "आग लागली का" यापेक्षा "दोन आगींमध्ये किती वर्षं गेली" हा प्रश्न जास्त कामाचा आहे. या काळाला आपण आगीचं अंतर म्हणू.

तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ५० हेक्टरचा एक कायमचा प्लॉट आखला. १ सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोड मोजलं, सुमारे २६ हजार खोडं, आणि प्रत्येकाला नंबर दिला. तेव्हापासून कोण जगलं, कोण मेलं, कशाने मेलं याची नोंद चालू आहे. तिथे स्पष्ट दिसतं की आगीचा फटका मुख्यतः लहान खोडांना बसतो, मोठ्या झाडांना फार कमी. आणि आगीचं अंतर? नरेंद्रन कोडंदपाणी, मार्क कॉक्रेन आणि सुकुमार यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९०९ ते १९२१ या काळात मुदुमलाईत ते साधारण १० वर्षं होतं, तर १९८९ ते २००२ या काळात ३.३ वर्षं.

दहा वर्षांत रोप सापळ्यातून निसटू शकतं. तीन वर्षांत अवघड आहे. वरवर बघता जंगल तेच दिसतं, कारण म्हातारी झाडं उभी असतात. पण खाली पुढची पिढी तयार होत नाही. एखाद्या गावात फक्त आजी-आजोबा उरावेत तसं.

त्यातही सगळ्या जातींना फटका सारखा बसत नाही. सोनाली साहा आणि हेन्री हाव यांनी मध्य भारतातल्या कोरड्या पानझडी जंगलात केलेलं काम २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. वारंवार आग लागते तिथे रोपांमधली विविधता घटते, आणि मुळांपासून फुटणाऱ्या जातींचं फावतं. बियांपासून येणाऱ्या जाती मागे पडतात. थोडक्यात, वारंवार जळणारं जंगल नाहीसं होत नाही, ते हळूहळू एकसुरी होत जातं.

तिसरी आग: जिथे ती यायलाच नको

महाबळेश्वर, आंबोली, कोयना. सदाहरित आणि निमसदाहरित जंगल, देवराया. आत शिरलात की उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. पानं एकदम गळत नाहीत, त्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, पाचोळा ओलसर राहतो आणि लवकर कुजतो. अशा जंगलात आग शिरणंच कठीण.

पण हीच त्याची कमजोरीही आहे. आगीची सवय नसल्यामुळे बहुतेक झाडांची साल पातळ. बाहेरच्या गवताची आग येऊन जंगलाच्या कडेला चाटून गेली, तरी कडेची झाडं मरतात. ती मेली की तिथे ऊन येतं. ऊन आलं की गवत येतं. गवत आलं की पुढच्या वर्षी आगीला तेवढंच आत शिरायला इंधन मिळतं. दरवर्षी चार-दोन मीटर. एका वर्षात लक्षातही येत नाही. तीस वर्षांनी जुना नकाशा काढला की कळतं, देवराई अर्धी झालीय.

म्हणून "आज्यापणज्यापासून जाळतोय, डोंगर कुठे गेला का?" या प्रश्नाला माझं उत्तर: डोंगर आहे तिथेच आहे, त्यावरच्या रायांच्या कडा मात्र तपासून बघा.

मग सगळीच आग बंद केली तर?

हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. १८६०च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात (आज ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे) इंग्रजांनी पद्धतशीर आग-संरक्षण सुरू केलं. त्यांच्या लेखी जंगल म्हणजे लाकूड आणि आग म्हणजे तिजोरीला लागलेली आग. पुढे हे धोरण देशभर गेलं. १९२७च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही अभयारण्यात आग लावायला मनाई आहे. हे कायदे आजही लागू आहेत.

पण शंका त्याच काळात, खुद्द वनाधिकाऱ्यांच्याच मनात आल्या होत्या. १८९६ मध्ये 'इंडियन फॉरेस्टर' या नियतकालिकात स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशात आग-संरक्षणाचा अतिरेक होतोय असं लिहिलं. सागाच्या दमट जंगलात आग थांबवल्यावर खाली झुडपं आणि बांबू इतका माजला की सागाचं नवीन रोपच उभं राहीना. दमट भागातल्या सालाच्या जंगलांतही हाच अनुभव आला, आणि काही ठिकाणी वनखात्याने स्वतःच पुन्हा नियंत्रित आग लावायला सुरुवात केली.

आपल्या काळातलं उदाहरण कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन बेट्टाचं. चामराजनगर जिल्ह्यातला हा डोंगराळ भाग सोलिगा आदिवासींचा. ते दरवर्षी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच पाचोळा जाळत. कन्नडमध्ये त्याला 'तरगु बेंकी' म्हणतात: पाचोळ्याची आग. जमिनीत ओल असताना, ऊन तापायच्या आधी लावलेली, पायाखाली राहणारी आग. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि जाळणं बंद झालं.

पुढे काय झालं? अंकिला हिरेमठ आणि भारत सुंदरम या संशोधकांनी तिथल्या १३४ प्लॉटची १९९७ आणि २००८ अशी दोनदा पाहणी झाली त्याची तुलना केली. पहिल्या पाहणीत सुमारे ४० टक्के प्लॉटमध्ये घाणेरी होती. दुसऱ्या पाहणीत सुमारे ८० टक्के. घाणेरी म्हणजे टणटणी, लँटाना. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेत शोभेसाठी आणलेलं परदेशी झुडूप. आज ते देशभरातल्या जंगलांत भिंतीसारखं माजलंय. त्याखाली ना गवत येतं, ना झाडांची रोपं.

सोलिगांचं म्हणणं सरळ आहे: आम्ही जाळत होतो तोवर घाणेरीची रोपं जळून जात होती, तुम्ही बंद केलंत आणि ती माजली. शिवाय आवळ्यावर बांडगूळ वाढलं, कारण तेही आगीने आटोक्यात राहत होतं. आवळा हे त्यांच्या उत्पन्नाचं साधन, त्यामुळे बांडगुळाकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, पुन्हा जाळायला द्या. इथेच खरी अडचण आहे. घाणेरी एकदा डोक्यावर गेली की जंगलातलं इंधनच बदलतं. पूर्वी पायाखाली पाचोळा होता, आता माणसाहून उंच काटक्यांचं जाळं आहे. त्यात आग लागली तर ती शिडीवरून चढावं तशी झाडांच्या फांद्यांपर्यंत जाते. तरगु बेंकी पायाखाली राहायची, ही आग तशी राहत नाही. आणि आगीनंतर घाणेरी बुडख्यापासून पुन्हा फुटतेच. म्हणजे पन्नास वर्षांची बंदी कागदावर एका दिवसात उठवता येईल, पण जंगल पन्नास वर्षं मागे जात नाही. आधी घाणेरी उपटायची, मग गवत येऊ द्यायचं, मग हलकी आग, असा लांबचा रस्ता आहे.

२०११ मध्ये याच जंगलातल्या सोलिगांचे सामूहिक वनहक्क वनाधिकार कायद्याखाली मान्य झाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. आगीचं ज्ञान असलेली पिढी मात्र म्हातारी होतेय. कधी, कुठे, कुठल्या वाऱ्यात काडी लावायची हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते करत करत शिकायचं असतं, आणि करायलाच बंदी असेल तर ते एका पिढीत संपतं.

"आधी लावलेली हलकी आग, नंतरची भडक आग टाळते" हे तत्त्व इतरत्र तपासलं गेलंय. उत्तर ऑस्ट्रेलियात, पश्चिम आर्नहेम लँडमध्ये, २००६ पासून तिथले आदिवासी रेंजर हंगामाच्या सुरुवातीला तुकड्या-तुकड्यांत जाळतात. त्यामुळे हंगामाच्या शेवटच्या मोठ्या आगी कमी होतात, धुरातून जाणारे हरितगृह वायूही कमी होतात, आणि त्या बचतीचे पैसे रेंजर्सना मिळतात. तिथलं जंगल विरळ, गवताळ आहे, दाटी वेगळी आहे. ते जसंच्या तसं गडचिरोलीत आणता येणार नाही. पण "आग" या शब्दाला तारीख जोडली की अर्थ किती बदलतो, हे त्यावरून कळतं.

बातमीतले आकडे कसे वाचायचे

आता थोडं माझ्या रोजच्या कामाबद्दल. "यंदा राज्यात इतक्या हजार आगी" अशी बातमी आली की तो आकडा बहुधा उपग्रहावरून आलेला असतो. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना देतं. आज तुम्ही नाव नोंदवलंत तर एसएमएससुद्धा येतो.

पण उपग्रहाला "आग" दिसत नाही, त्याला तापलेला चौकोन दिसतो. मोडिस या जुन्या उपकरणाचा चौकोन १ किलोमीटर बाजूचा, म्हणजे १०० हेक्टरचा. व्हिअर्स या नव्या उपकरणाचा ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरचा. एकच मोठी आग व्हिअर्सला सात ठिपके म्हणून दिसेल आणि मोडिसला एक. म्हणून दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी विचारा: दोन्ही आकडे एकाच उपकरणाचे आहेत ना?

दुसरं, हे उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातात, साधारण सकाळी किंवा दुपारी दीडच्या सुमारास, आणि तसंच रात्री. संध्याकाळी पाचला लागून नऊला विझलेली पाचोळ्याची आग कुणालाच दिसत नाही. आणि तिसरं, ठिपका आगीची तारीख आणि जागा सांगतो. तिथे माळ होता, पानझडी जंगल होतं की देवराईची कड, हे तो सांगत नाही. ते नकाशावर नकाशा ठेवून आपल्याला शोधावं लागतं. माझ्या कामाचा बराचसा वेळ यातच जातो.

मग करायचं काय?

सगळीकडे एकच नियम लावणं सोडायचं, हे पहिलं. सदाहरित जंगल आणि देवराया इथे आग येऊच द्यायची नाही. त्यासाठी बाहेरच्या गवतात वेळेवर जाळरेषा काढायची. जाळरेषा म्हणजे उन्हाळ्याआधी मुद्दाम साफ केलेला किंवा जाळलेला पट्टा. वनखातं स्वतः दरवर्षी हे करतं, म्हणजे "ठरवून लावलेली आग" ही कल्पना खात्याला नवीन नाही.

पानझडी जंगलात दोन आगींमधलं अंतर वाढवायचं. आणि हे धमकी देऊन होत नाही, कारण तिथे आगीमागे पोट आहे. मोहफुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात पडली की दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली जाळतात. आग तिथेच थांबली तर ठीक, पण मार्चच्या वाऱ्यात ती थांबत नाही. झाडाखाली झाडून काढणं किंवा जाळी बांधणं हे उपाय आहेत. फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा मिळतो. फक्त जाळीचा खर्च आणि मेहनत कुणाची, हे ठरवावं लागतं. तेंदूचंही तसंच. आगीनंतर कोवळी पानं फुटतात, विडीला ती चांगली, म्हणून आग.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपानं तोडायचीच नाहीत, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. हातात येणारा पैसा त्यांनी स्वतः सोडला आणि बांबूवर भर दिला. माधव गाडगीळ यांनी याबद्दल लिहिलंय. कुठल्याही कलमाने हा निर्णय घडवून आणला नसता. जंगल आपलं आहे, उद्याही आपलंच राहणार आहे, ही खात्री असल्यावरच माणूस उद्याचा विचार करतो. प्रत्येक गावाने तेंदू सोडावा असं मी म्हणत नाही. आग लावायची की नाही हे ठरवणारं आणि त्याचा परिणाम भोगणारं गाव एकच असेल, तर निर्णय बरा होतो, एवढंच.

आणि माळरानावर? तिथे कधी आणि किती जाळायचं हे गुराखी, अभ्यासक आणि वनखातं यांनी एकत्र बसून, तुकड्यांत करून बघण्यासारखं आहे. एका वर्षी एक तुकडा जाळला, दुसरा ठेवला, की जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांनाही जागा उरते. सगळा डोंगर एका रात्रीत पेटवणं मात्र कुणाच्याच फायद्याचं नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट, विशेषतः ट्रेकला जाणाऱ्यांसाठी. आग चढावर जास्त वेगाने जाते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच वाळवतात. ढोबळ नियम असा की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर आगीत सापडले आणि वीसहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारी ते मेमध्ये खालून धूर दिसला तर वर पळू नका. आगीला बगल देऊन आडवं सरका, खडकाळ जागा किंवा आधीच जळून गेलेला पट्टा गाठा, आणि लगेच वनखात्याला कळवा.

आणि पुढच्या वेळी वणव्याची बातमी वाचलीत की रागावण्याआधी चार प्रश्न विचारा. जळलं ते गवत, पाचोळा की सदाहरित जंगलाची कड? महिना कुठला होता? तिथे याआधी आग कधी लागली होती? आणि त्या जमिनीवर हक्क कुणाचा आहे? चारांपैकी दोन उत्तरं मिळाली तरी बातमी वेगळी दिसायला लागेल. तुमच्या भागातल्या आगींबद्दल ही उत्तरं तुम्हाला ठाऊक असतील तर मला जरूर कळवा. उपग्रहाला जे दिसत नाही, ते बऱ्याचदा गावातल्या कुणालातरी नीट आठवत असतं.